चावी हातात घेऊन

गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की मोठा बिघाड निघू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं असतं. "फ्यूज असेल हो, वायर ढिली झाली असेल," असं आपणच सांगत सुटतं. मग माझ्याकडे कशाला आलास, असं माझ्या तोंडावर येतं आणि पुष्कळदा बाहेरही पडतं. शहापुरात गाड्यांच्या वायरिंगचं माझं दुकान आहे. शेखर मिस्त्री कामाला बरा पण फाटक्या तोंडाचा, असं लोक म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण बिघाड निघावा म्हणून हात जोडणारं गिऱ्हाईक मला जन्मात एकदाच भेटलं. दोन हजार सातची दिवाळी नुकतीच झाली होती.

ती नम्रता, आदेशची बायको. आदेश खर्डीच्या आतल्या बाजूच्या एका गावातला. जुनी पांढरी गाडी घेतली होती त्यानं आणि आसनगाव स्टेशनवरून पॅसेंजर मारायचा. हॉर्न बदल, टेप बसव, पुढचे दिवे वाढव, असं काही ना काही घेऊन माझ्याकडे यायचा आणि दर वेळी भांडून जायचा. भादव्यात काविळीनं गेला. झाडपाल्याचं औषध घेत घरी बसला आणि दवाखान्यात नेला तेव्हा उशीर झाला होता. स्वतः दुनियेला गाडीत घालून दवाखान्यात पोचवणारा माणूस! मला त्याचा राग अजून येतो.

"शेखरभाऊ, गाडी बघायला घरी याल?" नम्रता दुकानाच्या पायरीशी उभी राहून म्हणाली.

"काय होतंय गाडीला?"

"चालू व्हत नाय."

"कधीपासून?"

तिनं पदर सारखा केला. "तशी रोज चालू व्हते. धाऊभाऊ चालवतात आता, त्यांच्या हाताला रोज व्हते. मी घर सोडून निघाले की नाय व्हत."

मी हातातला टेस्टर खाली ठेवला. धाऊ म्हणजे त्यांच्या गावातला रिक्षावाला. आदेशच्या मागं तोच गाडी स्टेशनवर लावायचा. "नीट बसून सांगा वहिनी," मी म्हटलं.

ती बसली आणि तिनं सांगितलं ते असं.

दहाव्याला बायका नदीवर जात नाहीत, पण आदेशची आई गुणाबाई कुणाचं ऐकेना. मग नम्रताही गेली. पिंडापाशी माणसाच्या आवडीचं ठेवतात, कुणाची तंबाखू, कुणाचा चहा. आदेशच्या गाडीच्या दोन्ही चाव्या ठेवल्या. कावळा लगेच शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. आणि परत निघायला धाऊनं चावी फिरवली तर गाडी चालू होईना. कावळा शिवला पण जीव गाडीत अडकला, असं आदेशचा चुलता कुंडलिक म्हणाला. मग पिंडापुढं बोलतात तसं एकेक जण गाडीपुढं हात जोडून बोलायला लागला. तुझ्या आईला बघू, गाडी विकणार नाय, वर्षश्राद्ध नीट करू. गाडी ढिम्म. शेवटी कुंडलिकानं एक चावी आईच्या हातात दिली, एक बायकोच्या, आणि नम्रताला म्हणाला, "तुझ्याच मनात कायतरी हाय. चावी हातात घेऊन बोल."

"मी बोलले," नम्रता म्हणाली. "म्हटलं, मी हे घर सोडून जाणार नाय. आणि माझ्या हातातली चावी धाऊभाऊंनी लावली न् लावली, गाडी चालू झाली."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला," मी म्हटलं.

"मीबी तसंच म्हटलं असतं. पण आता दिवाळीनंतर मला ठाण्याला नर्सिंगच्या शिक्षणाला बोलावलं. आईंनी जा म्हटलं. तोंडावर हसू नव्हतं, पण जा म्हटलं. मी पिशवी भरली, गाडीत बसले, आणि चालू झाली नाय. धाऊभाऊ दमले. मी पिशवी घेऊन घरात गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका चावीत चालू. अख्ख्या गावानं बघितलं."

मी म्हटलं, बघतो, असेल एखादी वायर. त्यावर ती जे बोलली ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं.

"नर्सिंगला नाव त्यांनीच घातलं माझं. म्हणाले, तू शिक, आईचं मी बघतो. गाडीबी मला त्यांनीच शिकवली, भात कापलेल्या खाचरात. आता तेच मला आडवतात का? मला जायला मिळू दे नायतर न मिळू दे, शेखरभाऊ. त्यांनी शब्द फिरवला का, तेवढं बघून सांगा. बिघाड असला तर मी जाईन. नसला तर तसं खरं सांगा, मी ऱ्हाईन. पण मग त्यांच्यावर रुसून ऱ्हाईन, जन्मभर."

असलं काही दाखवणारं मीटर माझ्याकडे नव्हतं. सोमवारी ती हजर झाली नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. मी रविवारी येतो म्हटलं.

रविवारी खर्डीला उतरून रिक्षानं गावात गेलो. खळ्यात भाताचे भारे रचलेले, आणि बाजूला मांडवाखाली गाडी. गुणाबाई पदरानं तिची पुढची काच पुसत होती. काच मुळात लख्ख होती. मला बघून ती बाजूला झाली, पण गाडीवरचा हात तिनं काढला नाही.

"ये रे बाबा. आदेश तुझा नाव घ्यायचा," ती म्हणाली. "बघ तुझा काय ता. पण त्याला काय दुखवू नको."

त्याला म्हणजे गाडीला. मी मान डोलावली. ओट्यावर कुंडलिककाका बसले होते. माणूस वाईट नव्हे, गावाला अडीअडचणीला उभा राहणारा, पण प्रत्येक गोष्टीचा अर्थ आपल्याला लागलाच पाहिजे असा हट्ट असलेला. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा रोग गावात एकाला तरी असतोच.

"मिस्तरी, जिथं बिघाड नाय तिथं काय शोधणार तुमी?" त्यांनी मला पहिलंच विचारलं.

"नाय सापडला तर तुमाला येऊन सांगतो काका," मी म्हटलं.

नम्रतानं गाडीची चावी माझ्या हातात दिली. मी तिला विचारलं, "त्या दिवशी स्टार्टर फिरत होता?"

"फिरत व्हता. नुसता फिरत व्हता."

"आणि इथं, काट्यांच्या बाजूला, चावीचं चित्र असलेला लाल दिवा?"

"लुकलुकत व्हता."

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे बॅटरी नाही, पेट्रोल नाही, बिघाड होता तो चोरबंदोबस्तात. या गाडीला एक न दिसणारं कुलूप असतं. चावीच्या काळ्या मुठीत तांदळाएवढी चिप पुरलेली असते. चावी लावली की गाडी त्या चिपला नाव विचारते. नाव पटलं की इंजिन उठतं. पटलं नाही की स्टार्टर किती का फिरेना, गाडी पेट्रोल पुढं सोडत नाही आणि तो लाल दिवा लुकलुकत राहतो. गाडीच्या लेखी समोर चोर बसलेला असतो.

मी स्टिअरिंगखालचं कव्हर उतरवलं. चावीच्या भोकाभोवती तारेचं एक कडं असतं, चावीचं बोलणं तेच ऐकतं. त्याचा जोड काढला, साफ केला, बसवला. वायर हलवून बघितली, ओढून बघितली. चावी फिरवली, गाडी चालू. बंद केली, पुन्हा फिरवली, पुन्हा चालू. दार आपटून बघितलं. बॉनेट उघडून अर्थिंग घासलं. किती वेळा चालू केली त्याला हिशेब नाही. गाडीनं एकदाही नाही म्हटलं नाही.

"दुसरी चावी आहे ना?" मी विचारलं.

"ती देव्हाऱ्यात हाय," गुणाबाई म्हणाली. "ती त्याची. दहाव्याला माझ्या हातात व्हती ती."

हातातली चावी चालतेय तर देव्हाऱ्यातली कशाला मागा, म्हणून मी ती राहू दिली. घाम पुसला. कुंडलिककाका ओट्यावरून बघत होते, आणि ते बघणंच मला झोंबत होतं. नम्रता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दर वेळी गाडी चालू झाली की तिचं तोंड थोडं आणखी उतरायचं. गाडी सुरू झाली म्हणून कुणाला रडू येताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली. म्हटलं, आदेश्या, भांडखोर तर तू होतासच. खरंच बसलायस की काय आत?

आणि मग माझं मलाच हसू आलं, रागही आला. माझ्या उस्तादानं मला एकच गोष्ट शिकवली होती. गिऱ्हाईक सांगतं त्यावर जाऊ नको. बिघाड झाला तेव्हा काय काय केलं ते सगळं त्याला परत करायला लाव, अगदी सीटवर बसण्यापासून. सांगताना माणूस निम्मं गाळतो. त्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

"वहिनी," मी म्हटलं, "त्या दिवशी निघालात तसं परत निघा."

"म्हणजे?"

"पिशवी घ्या. देवाला नमस्कार केला असेल तर तो करा. आईंच्या पाया पडला असाल तर पडा. कोण कुठं उभं होतं, तिथं उभे राहा. एक गोष्ट गाळू नका."

कुंडलिककाका उठून उभे राहिले. "मिस्तरी, हा काय खेळ हाय? एकदा त्या बायचा जीव जळलाय, परत कशाला?"

"काका, त्या दिवशी तुमी कुठं होता?"

"हितं. ओट्यावर."

"मग बसा ओट्यावर."

धाऊ रिक्षा घेऊन गेला होता, म्हणून त्याच्या जागी मी स्टिअरिंगवर बसलो. नम्रता आत गेली आणि पिशवी घेऊन आली. ती मागच्या सीटवर ठेवायला मी हातात घेतली तर जड लागली. मला वाटलं होतं रिकामी असेल. त्या दिवसापासून तिनं ती सोडलीच नव्हती. ती गुणाबाईच्या पाया पडली. गुणाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. खोटं खोटं निघायचं होतं, पण त्यातलं काहीच खोटं राहिलं नाही. नम्रता माझ्या बाजूला येऊन बसली.

"झालं सगळं?" मी विचारलं.

"थांब," गुणाबाई म्हणाली आणि लगबगीनं घरात गेली.

ती आली तेव्हा तिच्या हातात देव्हाऱ्यातली चावी होती, कुंकवानं लाल झालेली. माझ्या हातातली चावी तिनं मागून घेतली, दोन्ही चाव्या मुठीला मूठ लावून जवळ धरल्या आणि नाड्याच्या दोऱ्यानं घट्ट गाठ मारली. "सोबतीला ऱ्हाऊ दे त्याला," ती पुटपुटली. "एकटी कशी जाशील?" आणि तो जोड माझ्या हातात दिला.

मी चावी लावली. दुसरी चावी तिच्या पाठीला चिकटून होती. फिरवली. स्टार्टर फिरला, फिरत राहिला. इंजिन उठलं नाही. लाल दिवा लुकलुकायला लागला.

ओट्यावर कुंडलिककाकांनी हात जोडले. नम्रतानं डोळे मिटून घेतले. आणि गुणाबाई, ती तर गाडीच्या बॉनेटवर आडवी झाली. "हाय रे हाय, हितंच हाय माझा पोर," ती म्हणाली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं. आनंद होता.

मला तेव्हा कळलं होतं. बिघाड माझ्या हातात होता, कुंकवासकट. बिघाड सापडल्यावर मला जे सुख होतं ते मात्र झालं नाही. त्या बाईचा मुलगा दोन महिने त्या गाडीत होता. ती रोज त्याची काच पुसत होती. आणि मी तिला सांगायला निघालो होतो की तो तिथं नाही. भादव्यात एकदा गेलेला मुलगा मी तिच्याकडून पुन्हा काढून घेणार होतो. गप्प बसलो असतो तर चाललं असतं का? चाललं असतं. वायर सुटली होती, बसवली, म्हटलं असतं. पण मग पुढच्या खेपेला तिनं पुन्हा गाठ मारली असती आणि गाडी पुन्हा अडली असती. शिवाय नम्रतानं मला खरं सांग म्हटलं होतं.

मी गाठ सोडली. कुंकवाची चावी सीटवर ठेवली, दुसरी लावली. गाडी चालू. बंद केली. पुन्हा दोन्ही एकत्र धरून लावल्या. स्टार्टर नुसता फिरला. मग देव्हाऱ्यातली चावी एकटी लावली. गाडी चालू. हे मी सगळ्यांना दिसेल असं केलं, सावकाश, आणि मग खाली उतरलो.

"मावशी," मी म्हटलं, "या चावीत एक बारीक चिप आहे. गाडी तिला विचारते, तू कोण? चावी आपलं नाव सांगते. दोन चाव्या चिकटून असल्या की दोघी एकदम बोलतात. दोन माणसं एका वेळी बोलली की ऐकणाऱ्याला काय कळतं? गाडीला कुणाचंच नाव कळत नाय. मग ती चोर समजून अडून बसते."

गुणाबाईनं बॉनेटवरून मान वर केली. "दहाव्याला?"

"पिंडापाशी चाव्या ठेवल्या तेव्हा तुमी बांधल्या होत्या?"

"वाळूत हरवतील म्हणून. मग भावजींनी गाठ सोडून एक मला दिली, एक हिला."

"तेव्हा एकच चावी लागली. म्हणून चालू झाली. आणि वहिनी पिशवी घेऊन घरात परतल्या तेव्हा तुमी गाठ सोडून ही देव्हाऱ्यात ठेवलीत, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीही झाली."

गुणाबाई म्हणाली, "म्हंजे त्यानं नाय आडवली."

"नाय मावशी."

"मीच आडवली."

गाडीत नम्रता ओंजळीत तोंड खुपसून रडायला लागली. "शब्द नाय फिरवला त्यांनी," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. नवरा गेल्यावर ती इतकी मोकळी रडली नव्हती, असं तिनंच मला नंतर सांगितलं. रुसायचं कारण गेलं आणि नुसतं दुःख उरलं.

कुंडलिककाका ओट्यावरून खाली आले. त्यांचा आवाज खाली आला होता, पण हट्ट गेला नव्हता. "चिपचा मला कळत नाय. पण चावी हातात घेऊन शब्द दिलाय तिनं. दहाव्याचा शब्द हाय. तो कसा मोडायचा?"

मी काही बोलणार तोच गुणाबाईनं हात वर केला.

"शब्द दिला तेव्हा दुसरी चावी कुणाच्या हातात व्हती, भावजी?"

"तुमच्या."

"मग तो शब्द माझ्यापाशी हाय. आदेशपाशी पोचलाच नाय तो." तिनं माझ्याकडे हात पुढं केला. मी कुंकवाची चावी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं मूठ मिटली. "मी सोडला. ऊठ गो बाय, डोळं पूस. गाडी मला येत नाय, नायतर मीच सोडली असती तुला."

काका खळ्यात जाऊन भाऱ्यांकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनीही आदेशला खांद्यावर खेळवलं असेल, हे मला तेव्हा सुचलं.

नम्रताला मी स्टिअरिंगवर बसवलं. तिलाच चालवू दे म्हटलं, खर्डी स्टेशनपर्यंत, गाडी मी परत आणून ठेवतो. तिनं चावीकडे हात नेला आणि थांबली. गुणाबाई गाडीच्या खिडकीशीच उभी होती, मूठ छातीशी.

"मी हितं उभी हाय तर चालंल का रे?" तिनं मला विचारलं. "लांब जाऊ?"

"हातभर लांब असली तरी पुरे मावशी. तुमी आहात तिथं चालेल."

तिला ते पटलं नाही. एकदा अडवली होती तिनं, आता धोका पत्करायचा नव्हता. ती मागं सरली. मांडवाच्या बाहेर गेली. खळं ओलांडलं. मी "पुरे, पुरे" म्हणत होतो आणि ती मागं मागं जात राहिली, पार फणसापर्यंत. तिथून तिनं दुसऱ्या हातानं खूण केली, आता कर चालू.

गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली. नम्रतानं आरशात बघितलं आणि गिअर टाकला. रस्त्याला लागल्यावर मग म्हणाली, "वळणावर क्लच दाबू नको म्हणून ओरडायचे." आणि वळणावर तिनं क्लच दाबला नाही.

स्टेशनवर तिची लोकल लगेच मिळाली. पिशवी मी चढवून दिली. परत येताना खर्डीत चहा घेतला, मुद्दाम वेळ काढला. गुणाबाईपुढं जायला माझे पाय उचलत नव्हते.

गाडी मांडवात लावली, इंजिन बंद केलं, उतरलो. घराच्या दाराशी कुणी नव्हतं. ओटा रिकामा होता. मी हाक मारणार तेवढ्यात मला फणसाखाली लुगडं दिसलं. गुणाबाई तिथंच उभी होती, मघाची. मूठ तशीच मिटलेली. गाडी वाटेत बंद पडेल म्हणून तिनं जागा सोडली नव्हती.

"पोचली?" तिनं तिथूनच विचारलं.

"पोचली मावशी. लोकलमध्ये बसवून दिली."

तिनं मूठ उघडून चावीकडे बघितलं. कुंकू घामानं तळहाताला लागलं होतं.

"मग आता येऊ का रे जवळ?" ती म्हणाली.